म्हसोबाच्या धोंड्यावरची पोच

मारुतीनानांनी "जेवलास का?" असं विचारलं की आमच्या वाडीतल्या माणसाच्या घशाला कोरड पडायची. बाकीच्या जगात हा प्रश्न मायेने विचारतात. आमच्याकडे तो टपाल खात्याकडून यायचा. नाना आमच्या शाखा कचेरीचे पोस्टमास्तर, तेच पोस्टमन, तेच शिक्का मारणारे आणि उन्हाळ्यात शिक्क्याची गादी वाळली की तिच्यावर पाणी शिंपडणारेही तेच. वाईट मजकुराचा कागद उपाशी माणसाच्या हातात द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. खात्याच्या जाडजूड नियमपुस्तकात तो सापडायचा नाही. मी शोधून बसलोय. चांगलं पत्र असलं तर नाना गल्लीच्या तोंडापासून हाका मारत यायचे. वाईट असलं तर गुपचूप उंबऱ्यापाशी येऊन जेवणाची चौकशी करायचे. हे सगळ्या वाडीला पाठ होतं.

आमच्या बबनला सासुरवाडीच्या वकिलाची नोटीस आली तेव्हा तो नुकताच ताटावर बसला होता. नानांनी विचारलं, जेवलास का. बबन म्हणाला, आत्ताच बसतोय. नाना म्हणाले, जेव सावकाश, मला घाई नाही. झालं. बबन जो जेवायला लागला तो थांबेचना. सकाळी दहाला बसला तो शाळा सुटली तरी ताटावरच. भाकरी संपल्या, कालवण संपलं, शेजारून आणलेलं पिठलं संपलं, शेवटी लोणच्याच्या बरणीत बोट घालून बसला. आपण जेवतोय तोवर आपलं लग्न टिकलंय, असा त्याचा हिशेब. नाना पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसून. अखेर तेच म्हणाले, "बबन, पोट फुटून मेलास तर मला पाकिटावर 'मयत' लिवावं लागंल, आन कागद परत जाईल. आपल्या हातनं एक बी कागद परत गेला न्हाई. माज्यासाठी तरी हात धू."

बबनने हात धुतले. लग्न काही टिकलं नाही, पण कागद पोचला.

कागद परत जायचं त्यांना इतकं का लागायचं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नानांचे वडील मेंढरं घेऊन दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. नानांचं बाळपण तसंच गेलं, या रानातून त्या रानात. "आमाला पत्ताच नव्हता, भाऊ. मेंढरं बसतील तिथं बिऱ्हाड. बाला एकदा कागद आलता, सरकारी. तीन गावं हिंडला आन 'पत्ता लागत न्हाई' म्हनून माघारी गेला. बा मरंस्तवर म्हनायचा, काय असंल रं त्यात?" एवढं सांगून ते उठले आणि रिकाम्या पिशवीची घडी घालत बसले. ती पिशवी त्यांनी चार वेळा घडी घातली आणि चार वेळा उलगडली.

टपाल कचेरी माझ्याच ओसरीत होती, म्हणून मला हे सगळं ठाऊक. पिंपळवंडी मागे टाकून येडगावच्या धरणाकडे निघालं की डाव्या हाताला जी वाडी लागते, ती आमची. ओसरीच्या एका बाजूला कचेरी, मध्ये अर्धी भिंत आणि पलीकडे माझी पिठाची गिरणी. त्यामुळे आमच्या वाडीचं टपाल देशात कुठेही ओळखू यायचं. आमच्याकडून गेलेलं पाकीट फोडून दिल्लीतला एक साहेब सलग सतरा वेळा शिंकला म्हणतात. मी पाहिलं नाही, पण शिंकला असणार. तो ज्वारीचा हंगाम होता.

तर नाना. पाकीट न फोडता आतलं बरंवाईट त्यांना कसं कळायचं, हे मी एकदा विचारलंच. त्यांनी एक पाकीट तळहातावर घेतलं आणि बाजारात कोंबडी जोखतात तसं दोनदा वरखाली केलं. "सरकारला मारायचं असलं की जोडपत्रं लागत्यात. परिशिष्ट अ, परिशिष्ट ब, कुनाकुनाच्या सह्या. सोडायचं असलं की एका कागदात भागतंय. जड आलं की जेवन इचारायचं, हलकं आलं की हाळी द्यायची. बास." घरी नानींनाही त्यांनी ही विद्या शिकवली होती. त्या म्हणे भाजीची जुडी आणि सरकारी पाकीट सारख्याच नजरेने जोखायच्या.

असा माणूस सरळ नोकरी करून सरळ घरी गेला असता. पण खात्याने त्यांना मशीन दिलं.

मशीन म्हणजे एक फोनच. रजिस्टर पत्र दिलं की घेणाऱ्याची सही त्या मशीनवर घ्यायची आणि उभ्या जागी बटण दाबायचं. मग आकाशातला उपग्रह बघणार की पत्र कुठल्या दारात दिलं, आणि ते दिल्लीला कळवणार. उपग्रहाला आमची वाडी दिसत असेल, माझा वाद नाही. पण वाडीत फोनला रेंज नाही. एक काडी नाही. आमच्याकडे माणसं फोनचा उपयोग बिबट्याच्या अंगावर उजेड टाकायला करतात. आणि हे मशीन तर असं मानी, की रेंज असल्याशिवाय बटणच घ्यायचं नाही.

आता गंमत बघा. दिल्लीत एकच मंत्रालय आहे. त्याच्या एका खिशात टपाल आणि दुसऱ्या खिशात टेलिफोन. टपालाच्या खिशातून नानांना मशीन आलं. टेलिफोनच्या खिशातून त्याआधीच वाडीत एक टॉवर आला होता, माझ्या ओसरीपासून ढेकूळ फेकलं तर लागेल इतक्या अंतरावर. फक्त तो सुरू केला नव्हता. त्यावर नानींनी घोसाळ्याचा वेल चढवला. त्या वेलाला इतकी घोसाळी आली की दोन श्रावण वाडीने दुसरी भजी खाल्ली नाहीत. टॉवरने वाडीची केलेली सेवा ती एवढीच. नाना मशीन हातात धरून टॉवरच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "येका बापाची दोन पोरं, शेजारी शेजारी ऱ्हात्यात, आन बोलत न्हाईत."

रेंज मिळायची ती एकाच जागी. वाडीच्या वर टेकडी आहे, टेकडीवर म्हसोबाचं ठाणं आणि त्याच्यामागे बैलाएवढा धोंडा. त्या धोंड्यावर चढून आळेफाट्याकडे तोंड केलं की रेंज यायची. तोंड जरा ओतूरकडे वळलं की गेली. तिथे नेहमी रांग. लग्न ठरलेल्या पोरी तिथे, बाजारभाव विचारणारे टोमॅटोवाले तिथे, ओटीपीची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्या तिथे. बिबट्यासुद्धा एकदा तिथे येऊन बसला होता. रांग बघितली आणि गेला.

नाना सकाळी घरोघर पत्रं वाटायचे, आपल्या वहीत सह्या-अंगठे घ्यायचे आणि दुपारी टेकडी चढून त्या धोंड्यावर उभं राहून एकेक बटण दाबायचे. साठी उलटलेला माणूस. मला ते बघवेना. मशीनमध्ये 'दार बंद' असं एक बटण होतं, आणि तेवढं एकच रेंजशिवाय चालायचं. ते दाबलं की पत्र दुसऱ्या दिवसावर जायचं, आणि पुढे कोणी विचारत नव्हतं, असं मला आतल्या माहितीवरून कळलं होतं. म्हटलं, नाना, रोज चढण्यापेक्षा दोन दिवसाआड चढा, मधले दिवस 'दार बंद' दाबा. त्यांनी माझ्याकडे मी पिठात खडू मिसळतो आहे अशा नजरेने पाहिलं. "दार सताड उघडं, आतली बाई मला चहा देतीय, आन मी लिवू दार बंद? उशिरा लिवायचं, भाऊ. खोटं न्हाई लिवायचं."

टॉवर सुरू करावा म्हणून त्यांनी मंत्रालयाला अर्ज केला. मी गिरणी बंद ठेवून तो लिहून दिला. तरी कागदावर पिठाचे ठसे उठलेच. पुढे बऱ्याच दिवसांनी धोंड्यावर उभे असताना नानांच्या मशीनवर संदेश आला: आपल्या भागात नेटवर्क उत्तम आहे, हा संदेश आपल्याला मिळाला हाच त्याचा पुरावा, तक्रार निकाली. नानांनी तो मला तीन वेळा वाचायला लावला. मला वाटलं आता शिव्या देतील. ते म्हणाले, "आसं बगा, त्येचं बी खरं हाय. मी ज्या धोंड्यावर हुबा व्हतो, तिथं उत्तमच हाय."

माझं मात्र डोकं असं तापलं की गिरणीचं जातं न फिरवता पीठ पडलं असतं.

आणि मग तो लिफाफा आला. फाट्यावरून आलेली पिशवी नानांनी नेहमीप्रमाणे ओसरीत ओतली, आणि त्या ढिगातून त्यांच्याच नावाचं एक पाकीट निघालं. त्यांनी ते तळहातावर घेतलं. दोनदा वरखाली केलं. मग खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून बसले. मी गिरणीचा पट्टा बंद करून पलीकडून आलो. पाकीट उशीएवढं जाड होतं. मी विचारलं, "नाना, जेवलात का?"

ते हसले नाहीत. उठले, घरी गेले, नानींच्या हातची भाकरी खाल्ली, तोंड पुसत परत आले आणि मग पाकीट फोडलं.

आत परिशिष्ट अ, ब आणि क. मजकूर असा की, आपण गेल्या काही महिन्यांत दिलेली सर्व रजिस्टर पत्रं एकाच ठिकाणी, नकाशावरील 'म्हसोबा' येथे, सुपूर्द केल्याचं आढळून आलं आहे. म्हसोबा यांचा पत्त्यांवरील व्यक्तींशी संबंध काय? टपाल स्वीकारण्याचं अधिकारपत्र त्यांच्याकडे आहे काय? नसल्यास ही बोगस पोच समजून आपल्यावर कारवाई का करू नये? खुलासा करावा. नानांनी खुलासा केला: म्हसोबा हे इसम नसून देव आहेत, त्यांचा टपालाशी संबंध नाही, फक्त रेंजशी आहे. त्यावर उलट टपाली विचारणा आली की तसा पुरावा जोडावा. हे मी पदरचं घालत नाही. घातलं असेल तर पुरावा मागितल्याचं तेवढं.

आम्ही वाडीवाले खो खो हसलो. भजनाच्या मंडळींनी म्हसोबाला पोस्टमनची टोपी घातली. पण नाना हसत नव्हते, आणि ते मला फार उशिरा दिसलं. त्यांच्या डोक्यात एकच शब्द बसला होता. चहा पुढे ठेवला तरी तो निवून जायचा. एक दिवस वहीवरचं पीठ झटकता झटकता म्हणाले, "बोगस म्हनत्यात मला. म्हंजी मी कागद फेकले. रिटायर व्हायला सा म्हैनं ऱ्हायलं, आन माज्या नावाफुडं ह्यो शबूद घिऊन मी घरी जायाचं?" नोकरी जाईल याची त्यांना भीती नव्हती. कुठल्यातरी कपाटातल्या कागदावर आपण पत्रं फेकणारा माणूस म्हणून कायम राहू, ही भीती होती.

चौकशीला एक इन्स्पेक्टर साहेब आले. सांगलीकडचे, अंगाने भरलेले, स्वभावाने बरे. त्यांनी नानांची वही पाहिली. प्रत्येक पत्राची तारीख, दार, सही नाहीतर अंगठा. काही ठिकाणी 'जेवण झाल्यावर दिले' असा शेरा. साहेबांनी पाच-सहा घरी जाऊन विचारलं. पाचवं घर बबनचं. तो म्हणाला, साहेब, पत्रं न मिळण्याची तक्रार असती तर मी सुखी असतो. मग साहेबांना आपल्या वरिष्ठांना फोन लावायचा होता. त्यांनी फोन वर धरला, आडवा धरला, गिरणीच्या पत्र्यावर चढायची तयारी दाखवली. नाना म्हणाले, चला. दोघं टेकडी चढले. मीही मागून गेलो; असली मजा सोडायला मी काही खात्यात नाही. वर नेहमीची रांग. साहेबांनी तीन पोरी आणि एका टोमॅटोवाल्यामागे नंबर लावला, घाम पुसत धोंड्यावर चढले, आळेफाट्याकडे तोंड केलं आणि फोन लागला. बोलणं झाल्यावर त्यांनी खालची वाडी आणि मागची रांग एकदा बघून घेतली. मग नानांचा खांदा धरून उतरले आणि म्हणाले, नाना, तुमची काही चूक नाही, मी तसं लिहितो.

पण लिहायचं कुठे? साहेबांचा अहवालही मशीनवरच भरायचा. त्यात निवडायला रकाने होते: कर्मचारी दोषी, कर्मचारी अंशतः दोषी, कर्मचारी गैरहजर, कर्मचारी फरार. निर्दोष हा रकाना कोणाला सुचलाच नव्हता. साहेबांनी खूप बोटं मारली, मग माझ्याकडून कोरा कागद मागून हाताने अहवाल लिहिला, आणि तो कागद नानांच्याच पिशवीतून वर गेला. नानांनी त्यावर शिक्का मारला, नेहमीसारखाच ठसठशीत.

त्यानंतर काही नाही. सहा महिने नाही, वर्षही नाही. साहेबांची बदली झाली. आम्ही स्मरणपत्रं पाठवली, त्यांना 'आपलं पत्र योग्य विभागाकडे पाठवलं आहे' अशी उत्तरं आली. हा योग्य विभाग कुठे आहे ते मला कोणी दाखवलं तर मी त्याला जन्मभर फुकट दळून देईन. नाना निवृत्त झाले. शाल दिली, नारळ दिला, भाषणं झाली, मी त्यातलं सगळ्यात लांब केलं. नाना शाल मांडीवर घेऊन बसले होते, आणि हार घालायला आलेल्या प्रत्येकाच्या हाताकडे बघत होते. जणू त्यातला एखादा पाकीटच काढून देईल.

त्यांच्या जागी पिंपळवंडीची काजल लागली. दहावीच्या मार्कांवर निवड झालेली, हुशार मुलगी. नानांनी तिला सगळं शिकवलं: शिक्का, वही, धोंडा, आळेफाट्याकडे तोंड. आणि मग ते रोज सकाळी ओसरीत येऊन बसू लागले. जन्मभर दुसऱ्यांना पत्रं देणारा माणूस पिशवी ओतली जाईपर्यंत गप्प बसायचा आणि हळूच विचारायचा, "माजं काय?" काजल मान हलवायची. मग ते उठून जायचे. मी पट्ट्याचा आवाज मोठा ठेवायचो, ते ऐकू येऊ नये म्हणून.

गणपतीच्या आधी नाना गेले. सकाळी चहा पीत होते, कप खाली ठेवला, आणि संपलं. त्या दिवशी मी गिरणी बंद ठेवली. वाडीत पीठ नव्हतं म्हणून कोणी कुरकुर केली नाही.

आणि दिवाळी उलटून गेल्यावर पिशवीतून ते पाकीट पडलं. रजिस्टर, वर मंत्रालयाचा छाप, नाव नानांचं.

मी काजलला म्हटलं, चल, नानींना देऊ आणि बटण दाबून टाक. ती म्हणाली, रजिस्टर आहे, भाऊ, ज्याचं त्यालाच देता येतं. माणूस नसला की 'मयत' लिहून परत पाठवायचं, असा नियम आहे. मी तिला नियमाबद्दल काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं म्हटलं की जिवंतपणी दिलं नाही, आता मेल्यावर परत मागतात, हा कुठला न्याय. सही मी करतो, मारुतीनाना म्हणून करतो, उपग्रह काय माझं तोंड बघणार आहे? ती पोरगी रडकुंडीला आली, पण म्हणाली, "नानांनीच शिकवलंय, भाऊ. उशिरा लिहायचं, खोटं नाही लिहायचं."

वाडीतून एकही कागद परत जाऊ न देणारा माणूस, आणि परत जाणारा पहिला कागद त्याचाच.

तरी ती म्हणाली, एकदा दाखवू या नानींना. आम्ही गेलो. नानी अंगणात टॉवरवरची घोसाळी निवडत बसल्या होत्या. काजल उंबऱ्यापाशी थांबली, पाकीट पाठीमागे धरून, आणि तिने विचारलं,

"नानी, जेवलात का?"

नानींचा हात थांबला. त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाल्या, जेवले. मग काजलने सगळं सांगितलं: पत्र नानांचं आहे, देता येत नाही, फोडता येत नाही, परत पाठवावं लागतं. नानी ऐकून घेत राहिल्या. पदराला हात पुसले आणि पुढे केले. काजलने पाकीट त्यांच्या तळहातावर ठेवलं.

नानींनी ते दोनदा वरखाली केलं. डोळे मिटून तिसऱ्यांदा केलं. मग काजलच्या हातात परत दिलं.

"उगंच इचारलंस जेवलात का म्हनून," त्या म्हणाल्या. "हलकं हाय."

काजल पाकीट घेऊन 'मयत' नोंदवायला टेकडी चढू लागली, आणि नानी पुन्हा घोसाळी निवडायला बसल्या.